कट्ट्याला दोन चकरा

मधल्या सुट्टीची घंटा झाली की शाळेच्या जिन्यात एक आवाज होतो. पाचसहाशे मुलं एकदम खाली उतरतात, तो. तेहतीस वर्षं मी तो रोज ऐकला, कारण त्या वेळी जिन्याच्या तळाशी शिट्टी घेऊन उभं राहणं हे माझं काम होतं. आता तो आवाज वर्षातून एकदाच ऐकू येतो, जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, घरासमोरच्या रस्त्यावर. फरक इतकाच की त्यात आरडाओरडा नसतो आणि तो दोन-तीन तास थांबत नाही.

मी पीटीचा मास्तर. बी.पी.एड. करून १९८१ साली दादरच्या एका शाळेत लागलो, २०१४ साली निवृत्त झालो. राहायला माहीमला, कॅडल रोडला. कागदोपत्री हा स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला आजही कॅडल रोडच सांगावं लागतं. घर पहिल्या मजल्यावर, गॅलरी रस्त्याच्या अंगाला. मुंबई मॅरेथॉन २००४ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा झाली, तेव्हापासून मी ती या गॅलरीतून आणि अलीकडे खाली फुटपाथवरून पाहत आलोय. तेव्हा सी-लिंक नव्हता. वांद्र्याला जायचं तर पळणाऱ्यालाही माहीमच्या कॉजवेशिवाय वाट नव्हती. २००९ साली पूल झाला, मग जाताना पूल आणि परतताना माहीम असं सुरू झालं. करोनात दोन वर्षं, २०२१ आणि २०२२, शर्यत झालीच नाही. त्या दोन रविवारी मी सवयीनं पहाटे उठलो आणि चहा करून परत झोपलो.

पहिल्या वर्षी बिल्डिंगीत कुरकुर फार. रविवारी सकाळी रस्ता बंद म्हणजे काय? पलीकडे बाजाराला जायचं कसं? तळमजल्यावरच्या काकांना नेमकं त्याच दिवशी विरारला साखरपुड्याला जायचं होतं. ते हवालदाराशी अर्धा तास वाद घालत उभे होते आणि त्या अर्ध्या तासात त्यांनी बरीचशी शर्यत पाहिली. पुढच्या वर्षी तेच काका खुर्ची टाकून बसले. आता त्यांच्या सूनबाई फोल्डिंगचं टेबल लावून लिंबू-सरबत वाटतात. आमच्या रस्त्यावर असंच आहे. कुणी केळी घेऊन येतं, कुणी चिक्कीचे तुकडे, कुणी वाटीत नुसतं मीठ, कुणी दुखण्यावर मारायचा स्प्रे. कुणी सांगितलेलं नसतं. पळणाऱ्यांच्या छातीवरच्या कागदावर नंबरासोबत नाव छापलेलं असतं, त्यामुळे आमच्याकडच्या मावशी अनोळखी माणसाला थेट नावानं हाक मारतात आणि तो दचकून बघतो.

आमचं घर या शर्यतीत कुठं येतं, ते सांगितलं पाहिजे. सुरुवात सीएसएमटीला, शेवटही तिथंच. एकूण अंतर ४२.१९५ किलोमीटर. आमच्या दारात माणूस पोचतो तेव्हा निम्म्याहून जास्त अंतर मागं पडलेलं असतं आणि बरंच पुढं उरलेलं असतं. मॅरेथॉन खरी सुरू होते ती तिशीनंतर, असं पळणारे म्हणतात. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत पुरते. ती संपली की शरीराला चरबीवर भागवावं लागतं, आणि चरबी सावकाश जळते. पाय एकदम दगडाचे होतात. याला ते ‘भिंत’ म्हणतात. ती आमच्याकडे नाही, वरळीच्या पुढं कुठंतरी लागते. आणि तिच्यानंतर, जखमेवर मीठ म्हणून, पेडर रोडचा चढ. त्यामुळे माझ्या गॅलरीखालून लवकर जाणाऱ्या माणसाला अजून वाटत असतं की आज आपलं जमलं. वरळीत राहणाऱ्यांना दुसरेच चेहरे दिसत असणार. माझ्या वाट्याला शेवटचे हसरे येतात.

नऊ वाजून ऊन अंगावर आलं की मात्र आमच्याकडेही चालणारे सुरू होतात.

मास्तरची नजर जात नाही. माणूस लांबून दिसला की मी आधी खांदे बघतो. दमलेल्याचे खांदे कानांकडे सरकतात, मुठी आवळल्या जातात, हात पुढंमागं जायचे ते छातीसमोर आडवे फिरायला लागतात. शरीर पुढं न्यायची ताकद अशी वळण्यात जाते. मग टाच आपटायला लागते. हे सगळं दोनशे पावलं आधी दिसतं, आणि मी ओरडतो, “खांदे सोडा!” अनोळखी माणसं, त्यांत कंपन्यांचे मोठे साहेबही असतील, मुकाट्यानं खांदे सोडतात. तेहतीस वर्षांचा आवाज वाया जात नाही.

खऱ्या शर्यतीतले, म्हणजे केनिया-इथिओपियाचे, आम्हाला उजाडल्यावर दिसतात. आधी मोटारसायकली, मग घड्याळ लावलेली गाडी, मग चार-पाच जणांचा घोळका. त्यांच्या पायांचा आवाज येत नाही म्हटलं तरी चालेल. तळवा जमिनीला लागला न लागला की उचललेला. २०२३ साली इथिओपियाच्या हायले लेमीनं इथं २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत शर्यत संपवली, तो या शर्यतीचा नवा विक्रम होता. मी संध्याकाळी वहीत भागाकार केला. शंभर मीटरला १८ सेकंद येतात. आमच्या सातवीतल्या मुलानं शंभर मीटर १८ सेकंदांत काढले तर मी त्याच्या नावापुढं ‘ठीक’ लिहायचो. हा गृहस्थ ते ‘ठीक’ न थांबता ४२२ वेळा काढतो.

पण खरं सांगायचं तर मी त्यांच्यासाठी खाली उतरत नाही. ते अर्ध्या मिनिटात निघून जातात. मी बघतो ते मागचे. साडेचार, पाच, साडेपाच तासवाले. त्यांच्यातलाच एकजण २०१६ साली माझ्यासमोर फुटपाथवर बसला. हे लिहायचं कारण तो.

त्याला बसायला लागलं, कारण डाव्या पोटरीत गोळा आला होता. पाय सरळही होईना, वाकवताही येईना. बंद दुकानाच्या पायरीवर त्याला टेकवलं. पोटरीला हात लावला तर सुपारीएवढी गाठ बोटांना लागत होती, टणक, आणि मधूनमधून आपोआप हलत होती. अशा वेळी माणसं गाठीवर रगडायला लागतात. ते करायचं नाही. गुडघा सरळ केला, टाच तळहातात घेतली आणि चवडा हळूहळू त्याच्या नडगीकडे ढकलला. “मोठ्यानं तीसपर्यंत मोज,” म्हटलं. मोजायला लावलं की माणूस श्वास धरून ठेवत नाही. तो मोजायला लागला. सतरा-अठराला थांबला आणि म्हणाला, “सर?”

मला वाटलं, आदरानं म्हणतोय.

“सर, मी तुमचा विद्यार्थी. आठवी ब, सत्त्याऐंशी साल.”

छातीवर नाव होतंच. वाचूनही मला काही आठवलं नाही. मास्तरांना पहिले आठवतात आणि वांड आठवतात. मधली मुलं दहावीच्या निकालाबरोबर पुसली जातात. मी तसं कबूल केलं. तो हसला.

“तुम्ही मला कट्ट्याला दोन चकरा दिल्या होत्या.”

कट्टा म्हणजे शिवाजी पार्कचा. आमच्या शाळेला म्हणण्यासारखं मैदान नव्हतं, मुलांना रांगेत पार्कात न्यावं लागे. पार्काभोवतीचा कट्टा एका फेरीत किलोमीटरच्या थोडा वर भरतो. मैदानाचा मधला भाग क्रिकेटवाल्यांचा. तिथं पळणारा म्हणजे सीमारेषेच्या बाहेरचा प्राणी. ‘कट्ट्याला एक चक्कर’ हा माझ्या काळातला नेहमीचा हुकूम होता. दोन म्हणजे गुन्हा मोठा असणार.

“कशाबद्दल?”

“पांढरे बूट नव्हते, सर. शनिवार होता. माझे कॅनव्हास आदल्या दिवशी पावसात भिजले, वाळलेच नाहीत. मी काळे चामड्याचे घालून आलो.”

शनिवारी पांढरा गणवेश आणि पांढरे कॅनव्हास बूट, हा नियम माझाच. मुलं पॉलिशला पैसे नसले तर फळ्याचा खडू फासून यायची आणि मैदानात पोचेपर्यंत त्यांच्यामागं पांढरी धूळ उडायची. पावसाळ्यात बूट वाळत नाहीत हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण साठ मुलांत एकाला सूट दिली की पुढच्या शनिवारी दहा काळे बूट येतात, हा माझा हिशोब. चुकीचा नव्हता तो. शिक्षा काय द्यायची, एवढंच चुकलं.

“चामड्याच्या बुटांनी दोन्ही टाचा सोलल्या,” तो सांगत होता. तक्रार म्हणून नाही; गंमत सांगावी तसा. “त्यानंतर मी सव्वीस वर्षं पळालो नाही, सर. बस सुटली तरी नाही. तेराला शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले, चाला. चालता चालता पळायला लागलो. आता पैसे भरून चकरा मारतो.”

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. गाठ सुटली होती. सूनबाईंनी मीठ घातलेलं सरबत दिलं, तो उभा राहिला, दोन पावलं लंगडला, मग चालायला लागला. जाता जाता वळून म्हणाला, “निघतो सर, नाहीतर उशीर झाला म्हणून तिसरी द्याल.”

त्या दिवशी दुपारी मला झोप आली नाही. अपराधीपणा वगैरे मोठा शब्द मी वापरणार नाही. एक छडीही न मारता नोकरी संपवली, याचा मला त्या दिवसापर्यंत अभिमान होता. पण मी आकडा धरायला बसलो. नखं वाढली, चक्कर. रांगेत बोललास, चक्कर. उशीर, चक्कर. रुमाल नाही, अर्धी चक्कर. तासाला सरासरी दोन मुलं धरली, आठवड्याला पंधरा-वीस तास, तेहतीस वर्षं, तर आकडा हजारांत जातो. म्हणजे माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांनी मैदानावर जे अंतर कापलं, त्यातलं बरंचसं शिक्षेचं होतं. आणि बक्षीस काय होतं? “आज शहाण्यासारखे वागलात, सावलीत बसा.” पळणं ही शिक्षा आणि बसणं हे बक्षीस, असं मी, पळायला शिकवण्याचा पगार घेणारा माणूस, शिकवत होतो. गणिताच्या बाईंनी शिक्षा म्हणून गणितं घातली असती तर कुणीतरी त्यांना विचारलं असतं, बाई, अशानं विषयाची गोडी कशी लागणार? मला कुणी विचारलं नाही. पालकांना तर ते पसंतच होतं.

बाजू मांडायची तर तीही आहे. पीटीचा तास पस्तीस मिनिटांचा, आठवड्याला दोन. त्यांतला एक सहामाहीच्या आधी गणित किंवा विज्ञान मागून नेणार, तो परत मिळत नाही. उरलेल्यात साठ मुलं रांगेनं पार्कात न्यायला दहा मिनिटं, आणायला दहा. मधल्या पंधरा मिनिटांत हजेरी, कवायत आणि खेळ. त्याशिवाय प्रार्थनेची रांग मीच लावायची, पंधरा ऑगस्टचं संचलन मीच बसवायचं, स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या मीच मोजून घ्यायच्या, निवडणूक आली की ड्युटीला पहिलं नाव माझं. चक्कर ही सोयीची गोष्ट होती. साधन लागत नाही, खर्च नाही, मुलगा पाच-सहा मिनिटं डोळ्यांआड होतो.

आणि खरं पळायला शिकवायचो ते काय? सुटायचं कसं. वाकून बसा, अंगठ्याचा जोर, मान खाली, शिट्टी. पन्नास मीटर, शंभर मीटर, रिलेत बॅटन कशी द्यायची. क्रीडामहोत्सवाला फक्कीनं सहा पट्टे आखायचे, प्रत्येक फेरीतले दोन पुढं, शेवटी तिघांना लाकडी पायऱ्यांवर उभं करायचं. बाकीच्या शेकडो मुलांचं काम सतरंजीवर बसून टाळ्या वाजवायचं. लांब पल्ल्याला, म्हणजे आमच्याकडे आठशे मीटरला, मुलं शिट्टी वाजताच उधळायची, दोनशे मीटरात कुशीत कळ यायची, मग कमरेवर हात ठेवून चालायला लागायची. मी म्हणायचो, “दम नाही तुमच्यात.” दम होता. हळू पळायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. लांब पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. इतकं साधं माप. माझ्या मैदानावर रांगेत बोलणाऱ्याला चक्कर होती.

एक गोष्ट तर मी छातीठोकपणे चुकीची शिकवली. पळताना पाणी प्यायचं नाही, पोटात दुखतं. माझ्या मास्तरांनी मला सांगितलं, मी पुढं दिलं. आता रस्त्याच्या कडेला बघतो तर उलटा अतिरेकही असतो. माणसं प्रत्येक टेबलाशी ग्लासभर पाणी रिचवतात आणि रक्तातलं मीठ पातळ होऊन गरगरतात. तहान लागेल तसं प्यावं, हा आजचा सल्ला. तो कुठल्याही आजीनं दिला असता.

ऑफ तासाला वर्गात गेलो की मी एक गोष्ट हमखास सांगायचो, फडेप्पा चौगुले यांची. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारतातर्फे जी मोजकी माणसं गेली, त्यांत बेळगावकडचे हे धावपटू. पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी पळणारी मुलं पाहून दोराबजी टाटांच्या मनात आलं की यांना ऑलिंपिकला पाठवावं, आणि त्यांनी ते घडवून आणलं. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटर. चौगुले २ तास ५० मिनिटांत पोचले, एकोणिसावे आले. मुलं टाळ्या वाजवायची, मला भरून यायचं. इतक्या वेळा सांगितली ही गोष्ट, पण हा माणूस रोज किती आणि किती हळू पळत असेल, हा प्रश्न ना एका मुलानं विचारला, ना मला पडला. सामान्यज्ञान म्हणून शिकवलेल्या गोष्टीचं असं होतं.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं, पण थोडक्यात लिहितो, कारण त्यात माझा भाग लाजिरवाणा आहे. आठवीपासून मुली चिठ्ठी आणायच्या, पोटात दुखतंय. मी चिठ्ठी न वाचताच “बस” म्हणायचो. अवघडलेपण माझं, नुकसान त्यांचं. हळूहळू चिठ्ठीचीही गरज उरायची नाही. नववी-दहावीच्या मुली पार्कात आल्या की आपणहून कट्ट्यावर बसायच्या. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर याच मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३, २०१४ अशी सलग तीन वर्षं भारतीय महिलांत पहिली आली. पुढं रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली, दहावी आली. २०१४ ला ती आमच्या दारावरून गेली तेव्हा मी शिट्टी वाजवली. शेजारी आमची ही उभी होती. म्हणाली, “आम्हाला लहानपणी एवढंच सांगितलं, पळू नकोस.” मग थोड्या वेळानं, “तुम्हीही काही वेगळं सांगत नव्हता.” त्यावर मी काही बोललो नाही. सुरुवातीच्या वर्षांत शंभर माणसांत हाताच्या बोटांवर बायका दिसायच्या. आता पन्नाशीच्या पुढच्या, केस पिकलेल्या, दोघी-तिघी गप्पा मारत जाणाऱ्या दिसतात. गप्पा मारत, हे महत्त्वाचं. त्यांचा वेग बरोबर आहे.

२०१६ नंतर मी गॅलरी सोडली आणि खाली उभा राहायला लागलो. पहिल्या वर्षी इतरांसारखाच ओरडलो, “चला, थोडंच राहिलं!” एका बाईंनी पळता पळता माझ्याकडे असं पाहिलं की बस. बरोबर होतं त्यांचं. सोळा-सतरा किलोमीटर म्हणजे इथून दादर नव्हे. दमलेल्या माणसाला खोटं सांगू नये. त्याला हिशोब करता येत नाही, पण खोटं कळतं. तेव्हापासून मी पाटी धरतो. जुनी शाळेतली दगडी पाटी, खडूनं लिहिलेली. पहिल्या वर्षी लिहिलं, ‘पेडर रोड लांब आहे. हळू.’ लोक वाचतात, हसतात, काही जण खरंच वेग कमी करतात. आमच्या बिल्डिंगीतल्या एका तरुणाचं म्हणणं, काका, सगळे ‘पळ पळ’ म्हणतात आणि तुम्ही एकटे ‘हळू’ म्हणता, बरं दिसत नाही. त्याला म्हटलं, तू स्पीकरवर गाणी लाव, पाटी माझी आहे.

मागच्यांसाठी पाटी पुसून नवी लिहावी लागते. साडेनऊनंतर ‘हळू’ वाचून कुणालाही राग येईल. तेव्हा मी लिहितो, ‘सावली डाव्या हाताला.’ खरोखरच त्या वेळी आमच्या बाजूला बिल्डिंगींची सावली थोडी उरलेली असते. चालणारी माणसं ते वाचून मुकाट्यानं कडेला येतात, आणि इतक्या वर्षांत लिहिलेल्या पाट्यांतली सर्वांत उपयोगी पाटी तीच, असं माझं मत आहे. तिच्यात प्रोत्साहन अजिबात नाही.

आठवी ब दरवर्षी जातो. थांबत नाही, लांबूनच पाय वर करून बूट दाखवतो. पहिल्या खेपेला पोपटी होते, मग भगवे, एकदा जांभळे. पांढरे अजून घातलेले नाहीत. त्याच्यामुळे त्या तुकडीतल्या आणखी तिघांचा पत्ता लागला. त्यातला एकजण मला म्हणाला की त्याला चक्कर आवडायची, कारण तेवढा वेळ वर्गातून सुटका. म्हणजे तेही होतं. त्याचं ऐकून मला किती बरं वाटलं, हे मी आमच्या हिला सांगितलेलं नाही.

शाळेत माझ्या जागी आता तरुण मास्तर आहेत. मी गेल्या वर्षी जाऊन त्यांना एवढंच सुचवलं, की शिक्षा म्हणून बसवा. खेळ चालू असताना दहा मिनिटं कट्ट्यावर बसायला लावा, मुलं कासावीस होतात. आणि चांगलं वागलेल्याला चक्कर द्या, सोबत एक मित्र देऊन, बोलत जायची परवानगी देऊन. ते हो म्हणाले. करतात की नाही, बघायला जाणार आहे.

तुमचं घर मॅरेथॉनच्या रस्त्यावर असेल तर एक सांगतो. संत्री शनिवारी संध्याकाळीच आणून ठेवा, रविवारी पहाटेपासून रस्ता ओलांडू देत नाहीत. आम्हाला सहा डझन लागतात. फोडी सोलून, बिया काढून ताटात मांडायच्या. पळणारा माणूस बी थुंकायला थांबत नाही. आणि ताट हातात धरू नका, छातीच्या उंचीवर टेबल लावा. हात पुढं केलात की तो बिचारा शिष्टाचार म्हणून थांबतो, आणि थांबला की त्याच्या पोटरीत गोळा येतो.